सातबाऱ्यावर नाव नसलेल्याने घर कुठे बांधायचे?

सणासुदीला वीर स्टेशनवर उतरणाऱ्या आपल्या माणसांना विचारा, गावाला जमीन का घेत नाही? उत्तर ठरलेले असते. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावे लागते, आणि सातबाऱ्यावर नाव नाही. बिनशेती प्लॉट घ्यावा तर भाव परवडत नाही.

नाव का नाही, याला इतिहास आहे. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. इथल्या खोती गावांत राबणारा एक आणि वसूल करणारा दुसरा. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 10 जानेवारी 1938 ला शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. तरीही खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. पुढे 1 एप्रिल 1957 ला, कृषकदिनी, कूळ मालक झाले. पण कूळ म्हणून नोंद असलेलेच! जो नुसता मजुरीवर राबला किंवा पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेला, तो कोराच राहिला.

1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. जमीन पैसेवाल्याच्या घशात जाऊ नये, हा हेतू चांगलाच. पण तोच नियम आज भूमिहीनाच्या नातवालाही अडवतो.

मग मुंबईत घर घ्यावे? तिथे चटईक्षेत्राचा नियम आहे. 1991 च्या नियमावलीत मुंबई शहरात 1.33 आणि उपनगरात 1 असा निर्देशांक होता. म्हणजे शहरात 100 चौरस मीटर भूखंडावर साधारण 133 चौरस मीटर बांधकाम. माणसे वाढली, बांधकाम मोजूनमापून, भाव चढला.

काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, नियम काढा, भाव उतरतील. नागरी कमाल जमीन धारणेचा 1976 चा कायदा महाराष्ट्राने 2007 मध्ये रद्द केला. सामान्य माणसाला घर स्वस्त मिळाले का?

नियमांमुळे भाव वाढतो, हे खरे. पण तो वाढलेला भाव कोणाच्या खिशात जातो, हा खरा प्रश्न आहे. नियम आवळला तर असलेल्या घराची किंमत वाढते. सैल केला तर जादा चटईक्षेत्रही जमीनमालकालाच मिळते. दोन्हीकडे फायदा कागदावर नाव असलेल्याचा.

1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, असे मांडले ते उगाच नाही. जमीन बिनशेती झाली, स्टेशन आले, चटईक्षेत्र वाढले, की भाव वाढतो. हा भाव मालकाने घाम गाळून वाढवलेला नसतो, सरकारच्या निर्णयाने वाढतो. म्हणून त्यातला वाटा भूमिहीनांच्या घरांसाठी राखून ठेवा, ही आपली मागणी हवी. ती भीक नाही, थकलेला हिशेब आहे.

जय भीम!