जुन्या नावेची तक्तपोशी

उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेल्या आपल्या कशेळी गावाकडचा इतिहास सांगणारा बहुधा लढायांकडे वळतो. नावेच्या पोटातील फळ्यांकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः या खाडीचा मोठेपणा सुताराच्याच हातचा. इ. स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली व लवकरच या बाजूस लढाऊ नावा बांधल्या जाऊ लागल्या. त्या कामावरील पोर्तुगीज कारागीर रुय लैतांव व्हिएगस १६५९ मध्ये आपल्या माणसांसह वसईस निघून गेला. तरी आरमार उभे राहिलेच. ज्यांनी ते उभे केले त्या सुतारांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत!

नाव समुद्राच्या पाण्याने कुजते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. खारे पाणी लाकूड राखते. म्हणूनच पूर्वी काही जहाजांच्या वाकांमध्ये मीठ भरीत असत. घात करते ते पावसाचे गोडे पाणी. ते टपाच्या सांध्यांतून ठिबकून केबिनच्या फळ्यांखाली, जेथे वारा लागत नाही अशा जागी साचते. फळी वरून धड दिसते. टोचा लावताच आत भुसा.

अशी तक्तपोशी बदलताना जुन्या फळ्या फोडून काढणे हा शुद्ध उतावळेपणा होय. नाव दोन्ही टोकांस निमुळती, म्हणून जुनी फळी हाच नव्या फळीचा नमुना; खडूने क्रमांक घालून ती उचलावी. मग वाक टोचून पाहावेत आणि त्यांच्या बुडाशी पाणी वाहण्यासाठी ठेवलेल्या खाचा मोकळ्या कराव्यात, नाहीतर नवा सागही कुजेल. मधल्या फळ्या खिळ्यांनी ठोकू नयेत; पाणी तेथूनच उपसावयाचे असते. फळ्यांत किंचित फट ठेवावी. हौसेने घट्ट बसविलेली जमीन पावसाळ्यात फुगून उचलते.

फायबरच्या नावा आल्यापासून, वाडवडिलांची लाकडी नाव दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हा प्रश्न अनेक ज्ञातिबांधवांपुढे आहे. आमचे मत असे की, वाक शाबूत असतील तर मोडू नये. तेच गेले असतील तर नवी तक्तपोशी घालणे म्हणजे पैसा खाडीत टाकणे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली. इंग्लंडातील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ या काळात तिची दुरुस्ती झाली; तेथे ती आजही तरंगत आहे.