मालकी कंपनीची, वारसा कुणाचा?

वर्गात उर्दू आणि मराठीतले सामाईक शब्द शिकवताना मी ‘मालक’ आणि ‘वारस’ हे दोन शब्द जोडीने घेतो. दोन्ही मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. वस्तू ज्याच्या ताब्यात तो मालक आणि ती पुढे ज्याच्याकडे जाते तो वारस. बहुधा वारस कोण हे मालकच ठरवतो. लिनक्सच्या इतिहासात मात्र एकदा उलटे घडले. मालक जागेवर राहिला आणि वारसा दुसऱ्यांनी उचलून नेला.

१९९८ साली गाएल दुवाल या फ्रेंच तरुणाने रेड हॅट लिनक्स ५.१ घेऊन त्याला नव्या केडीई डेस्कटॉपची जोड दिली आणि त्याचे नाव ठेवले मँड्रेक. तेव्हा लिनक्स हे जाणकारांचे काम समजले जाई. मँड्रेकने ते माऊस धरणाऱ्या साध्या माणसापर्यंत आणले. एकाचे काम दुसऱ्याने असे घेतले तरी ती चोरी नव्हती. लिनक्सचा परवानाच असा आहे की मूळ कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा.

नावाला मात्र असा परवाना नसतो. इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्यांना मँड्रेक जादूगार आठवत असेल. त्या चित्रकथेचे हक्क असलेल्या अमेरिकेतल्या हर्स्ट कंपनीने नावावर दावा लावला आणि २००४ मध्ये निकाल लिनक्सवाल्यांच्या विरोधात गेला. २००५ मध्ये कंपनीने ब्राझीलची कोनेक्टिवा विकत घेतली आणि दोन्ही नावे जोडून ‘मँड्रिव्हा’ केले. पुढच्याच वर्षी खुद्द दुवालला कंपनीने कामावरून कमी केले. संस्थापक गेला, तरी मालकी शाबूत होती.

खरी कसोटी सप्टेंबर २०१० मध्ये लागली. कंपनी आर्थिक अडचणीत होती. तिची उपकंपनी दिवाळखोरीत निघाली आणि ही प्रणाली घडवणाऱ्यांपैकी अनेकांची नोकरी गेली. तेव्हा १८ सप्टेंबरला या माजी कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून जाहीर केले की आम्ही हेच काम वेगळ्या नावाने, ना-नफा संस्था म्हणून पुढे नेऊ. नाव ठेवले ‘मॅजिया’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जादू. जादूगाराचे नाव कोर्टाने काढून घेतले होते, जादू यांनी ठेवून घेतली.

मॅजियाची पहिली आवृत्ती १ जून २०११ रोजी आली. मधले महिने कशात गेले हे पाहण्यासारखे आहे. कोड फुकट मिळाला, पण सर्व्हर, पॅकेज तयार करणारी यंत्रणा, देणग्या, नियम, सगळे नव्याने उभारावे लागले. हजारो पॅकेजमधून जुन्या कंपनीचे नाव आणि चिन्ह काढावे लागले.

आता वापरणाऱ्याचा विचार करू. त्याच्या संगणकावर मँड्रिव्हा २०१०.२ आहे, त्यात त्याची पत्रे, फोटो, हिशेब आहेत. थेट मॅजियावर जाण्याची सोय दिलेली होती. जुन्या स्रोतांची यादी पुसायची, नव्या संस्थेचे स्रोत जोडायचे आणि अपग्रेड सुरू करायचे. पण संगणक कोणत्याही पॅकेजवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. प्रत्येक पॅकेजवर ते बनवणाऱ्यांची डिजिटल सही असते. संस्था नवी, म्हणून सहीची किल्लीही नवी. ती स्वीकारणे म्हणजे आजपासून मी माझा संगणक या लोकांच्या हाती देतो, असे म्हणणे. आणि निवड सोपी नव्हती, कारण मँड्रिव्हाही बंद पडली नव्हती. तिने २०११ मध्ये आपली नवी आवृत्ती काढलीच. एका बाजूला ओळखीचे नाव, दुसऱ्या बाजूला ओळखीचे हात.

ज्यांनी हात निवडले, त्यांचा निर्णय काळाने बरोबर ठरवला. मँड्रिव्हा कंपनी २०१५ मध्ये गुंडाळली गेली. मॅजिया चालू राहिली. तिची नववी आवृत्ती २०२३ मध्ये आली.

यातून कंपनी वाईट आणि स्वयंसेवक चांगले, असा निष्कर्ष मी काढत नाही. पगाराविना चालणारी कामे थकतात, आवृत्त्या लांबतात, मॅजियाच्याही लांबल्या. मला दिसते ते इतकेच की परवान्याने वारसाहक्क दिला, पण हक्क बजावायला माणसे पुढे यावी लागली. आपल्या वाचनालयांचे, शाळांचे, मासिकांचेही तसेच असते. पाटीवर नाव कायम असते, आत काम करणारे बदललेले असतात. म्हणून अपग्रेडचे बटण दाबण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. आपल्या फायलींची प्रत वेगळी ठेवावी आणि नव्या पॅकेजवर सही कुणाची आहे ते विचारावे.