जुना गेमिंग कॉम्प्युटर: कोणता भाग बदलायचा, कोणता ठेवायचा?

सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला गेमिंग कॉम्प्युटर आजही सुरू होतो, जुने गेमही नीट चालतात. नवा गेम टाकला की मात्र चित्र अडखळायला लागतं. अशा वेळी बहुतेक जण थेट नवं ग्राफिक्स कार्ड शोधू लागतात. पण सगळ्यात महाग भाग बदलला म्हणजे सगळ्यात जास्त फरक पडेलच, असं नाही. गेमचा वेग ठरतो तो जिथे काम अडतं त्या भागावर. म्हणून आधी निदान आणि मग खरेदी.

उदाहरणासाठी २०१८ सालचा एक नेहमीचा संच घेऊ: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क आणि ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर.

अडतंय कुठे, हे कसं ओळखायचं?

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर किंवा विंडोजमधला गेम बार वापरला, तर गेम चालू असतानाच प्रत्येक भागावरचा भार स्क्रीनवर दिसतो. चाचणीपुरती व्ही-सिंक आणि फ्रेमवरची मर्यादा बंद ठेवावी.

- ग्राफिक्स कार्डचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर काम कार्डपाशी अडतं आहे.
- कार्डचा वापर ६०-७० टक्केच आणि तरीही फ्रेम कमी असतील, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतो आहे. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसला तरी फसू नये. त्याचा एखादाच कोअर पूर्ण भरलेला असू शकतो.
- शंका असेल तर रिझोल्यूशन कमी करून पाहावं. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डची, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची.
- एरवी गेम बरा चालतो, पण नव्या भागात शिरताना झटका बसतो, असं असेल तर रॅम भरलेली आहे किंवा हार्ड डिस्क हळू आहे.

पैसे खर्च करण्याआधी

पंख्यांतली धूळ काढणं आणि प्रोसेसरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलणं हे जवळजवळ फुकटातले उपाय आहेत. प्रोसेसर किंवा कार्ड फार तापलं, की ते स्वतःहून वेग कमी करतं. रॅमही तपासावी. ३२०० वेगाची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी सुरू केलं नसेल, तर २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते.

आधी एसएसडी आणि रॅम

हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते, साटा एसएसडी सुमारे ५५० एमबी, तर एनव्हीएमई एसएसडी ३००० एमबीपेक्षाही जास्त. गेमिंगमध्ये खरा फरक पडतो तो हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे गेल्यावर. साटा आणि एनव्हीएमई यांच्यातला फरक त्या मानाने कमी जाणवतो. एसएसडीमुळे फ्रेमची सरासरी फारशी वाढत नाही. लोडिंगचा वेळ आणि मधले झटके मात्र कमी होतात. २०२३ मध्ये आलेल्या ‘स्टारफील्ड’च्या किमान गरजांमध्येच एसएसडीचा उल्लेख आहे.

रॅम आता किमान १६ जीबी हवी आणि ती दोन स्टिकमध्ये असावी. दोन स्टिक असल्या की मेमरी ड्युअल चॅनलमध्ये चालते आणि प्रोसेसरला माहिती लवकर मिळते. उदाहरणातल्या संचात त्याच वेगाची आणखी एक ८ जीबी डीडीआर४ स्टिक घालता येते. एआय सेंटरांच्या मागणीमुळे २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर चढल्या. त्यामुळे जुनी स्टिक काढून टाकण्यापेक्षा तिला जोड देणं परवडतं.

ग्राफिक्स कार्ड: मॉनिटर पाहून

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० पूर्ण चित्रंच दाखवतो. मॉनिटर तोच ठेवायचा असेल, तर १४० फ्रेम देणाऱ्या कार्डाचा बराचसा पैसा वाया जातो.

जीटीएक्स १०६० बदलण्यामागे मात्र वेगापलीकडची कारणं आहेत. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम: द डार्क एजेस’ (२०२५) या गेमना रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्डच लागतं. शिवाय या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं असून आता फक्त सुरक्षा अपडेट मिळतात.

कार्ड घेताना एक सापळा टाळावा. काही स्वस्त कार्डं मदरबोर्डशी मोजक्याच लेनमधून जोडलेली असतात. आरएक्स ६५०० एक्सटीला अशा चारच लेन आहेत. नव्या पीसीआय ४.० बोर्डावर ते चालून जातं, पण बी४५० हा पीसीआय ३.० बोर्ड असल्याने तिथे त्याचा वेग घटतो. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का, हेही टेप लावून मोजावं.

एसएमपीएस आणि यूपीएस

नव्या कार्डाला किती वॅटचा एसएमपीएस लागतो, हे कंपनी सांगते. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती कमी वाया जाते ते दाखवतो. आतल्या भागांच्या दर्जाची हमी देत नाही. वॉरंटी संपलेल्या, नाव न ऐकलेल्या एसएमपीएसवर महाग कार्ड जोडू नये. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरली जाते. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मोठं कार्ड जोडल्यावर गेम रंगात असताना वीज गेली, तर कॉम्प्युटर तिथेच बंद पडू शकतो.

प्रोसेसर: सॉकेटवर सगळं अवलंबून

या बाबतीत एएमडीचे एएम४ बोर्ड सुदैवी ठरले. बहुतेक बी४५० बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. अपडेट जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी करावं, नाहीतर स्क्रीन काळीच राहण्याची शक्यता असते.

इंटेलचं तसं नाही. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट नावाला एकच, एलजीए ११५१, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० मालिकेपासून पुढेच अधिकृतपणे बसतं. सातव्या पिढीच्या मशीनवर मोठा खर्च करण्यापूर्वी हा विचार करायला हवा.

थांबायचं कधी?

प्रोसेसर बदलण्यासाठी मदरबोर्ड आणि त्यासाठी रॅमही बदलावी लागत असेल, तर तो अपग्रेड राहत नाही, निम्मा नवा कॉम्प्युटर होतो. तिथे थांबून हिशेब मांडावा. एसएसडी, मॉनिटर, चांगला एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड पुढच्या मशीनमध्येही वापरता येतात. डीडीआर४ रॅम मात्र डीडीआर५ बोर्डात बसत नाही. पैसे मोजकेच असतील, तर ते पुढे नेता येणाऱ्या भागांत घालावेत.

सेकंड हँड कार्ड हाही पर्याय आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो किंवा ऑनलाइन ओळखीतून, पैसे देण्याआधी कार्ड निदान अर्धा तास गेमवर चालवून पाहावं, तापमान तपासावं आणि वॉरंटी शिल्लक असेल तर मूळ बिल मागावं.

उदाहरणातल्या संचासाठी क्रम असा लागतो: एसएसडी, रॅमची दुसरी स्टिक, एसएमपीएस तपासून ग्राफिक्स कार्ड आणि गरज उरलीच तर प्रोसेसर. प्रत्येक भाग बसवल्यावर तोच गेम, त्याच सेटिंगवर पुन्हा मोजावा. बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच गेम हवा तसा चालू लागतो आणि उरलेले पैसे खिशात राहतात.