सदर आणि व्हरांडा : सातारा-सांगली परिसरातील मुक्कामाच्या वास्तू

कृष्णाकाठच्या अठराव्या शतकातील वाड्यात कुटुंबाचा निवास, कचेरी, कोठार आणि पाहुण्यांचा मुक्काम ही सारी कामे एकाच छपराखाली चालत असल्यामुळे, आलेल्या माणसाने कोठवर यावे याचे नियोजन हेच त्याच्या रचनेचे मूळ सूत्र ठरले. वाईजवळचे मेणवली हे गाव 1768 मध्ये नाना फडणीस यांना इनाम मिळाल्यानंतर तेथे उभा राहिलेला सहा चौकांचा वाडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अशा वाड्यात दिंडी दरवाजा, म्हणजे मोठ्या दारातच ठेवलेले माणूसभर उंचीचे लहान दार, ओलांडले की पहारेकऱ्यांची देवडी लागते, तिच्यापुढील चौकाला लागून कामकाजाची व भेटीगाठींची सदर असते, आणि माजघर व स्वयंपाकघर मागच्या चौकांकडे असल्यामुळे तेथवर परक्याची नजरही पोहोचत नाही.

सजावटीची वाटणीही याच क्रमाने झालेली दिसते. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले सागवानी खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी आणि कोरीव छत यांचा थाट सदरेत व वरच्या दिवाणखान्यात, तर आतल्या खोल्या साध्या, कोनाड्यांपुरत्या. वरच्या मजल्याचा भार मुख्यतः खांब आणि तुळया पेलत असल्यामुळे सदरेची चौकाकडील बाजू भिंतीविना मोकळी सोडता येई, आणि दोन खांबांमधील अंतर, म्हणजे खण, हेच जागा मोजण्याचे माप होते. मेणवलीच्या वाड्यात आणि वाईजवळच्या रास्ते सरदारांच्या मोतीबाग वाड्यात आजही भित्तिचित्रे दिसतात. ती घडवणाऱ्या कारागिरांची नावे मात्र धन्यांच्या नावांइतकी जपली गेली नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

दक्षिणेकडे, सांगलीच्या बाजूला, पटवर्धन सरदारांच्या मुलखात कर्नाटकातील मोहिमांचा संस्कार बांधकामावर उमटला, आणि तासगावच्या गणपती मंदिराचे सातमजली गोपुर ही त्याची ठळक खूण होय.

महाबळेश्वरी मात्र मुक्कामाची वास्तू उलट्या दिशेने वळली. 1824 मध्ये लॉडविक हा अधिकारी या पठारावर पोहोचला, 1829 मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी खंडाळा गावाच्या बदल्यात तेथील जागा इंग्रजांना दिली, आणि गव्हर्नर माल्कम याच्या नावाने वसलेल्या माल्कम पेठेत बंगले उठू लागले. वाडा आतल्या चौकाकडे तोंड करून बसतो; बंगला चारी बाजूंनी बाहेरच्या दरीकडे आणि झाडीकडे पाहतो, म्हणून व्हरांडा हाच त्याचा प्राण. भिंती स्थानिक जांभ्या दगडाच्या. हा दगड सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात त्या गवताच्या झापांनी झाकाव्या लागत. पुढे पारशी व गुजराती व्यापाऱ्यांनी येथे बंगले घेतले, आणि त्यांपैकी काहींची हॉटेले झाली.

आज वाडे आणि बंगले मुक्कामासाठी उघडताना खांब घासूनपुसून चकचकीत केले जातात, पण सदरेचे खण फळ्यांनी बंद करून खोल्या पाडल्या जातात आणि व्हरांड्यांना काचा लागतात. हे जतन नव्हे. ज्यांच्या ताब्यात अशी वास्तू आहे त्यांनी भाड्याने एखादी खोली कमी द्यावी, पण देवडीपासून माजघरापर्यंतचा क्रम मोडू नये.