हिवरे बाजार : एका लहान गावाची शिरगणती आणि तिचा बोध

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे गढी, देवालये, शिलालेख व सनदा यांचा शोध घ्यावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ज्या गावाजवळ यांपैकी काही ठळक नाही, त्याच्या वाट्याला इतिहासात एक ओळही येत नाही. तथापि प्रत्येक खेड्याचा एक इतिहास सरकारी दप्तरात नोंदलेला असतो, तो म्हणजे त्याची शिरगणती. गावात माणसे किती राहिली, हा आकडा त्या गावाने काय भोगले याची साक्ष देतो. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या दृष्टीने आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या लहानशा गावाचा विचार करण्याचे योजिले आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या पश्चिमेस नगर तालुक्यात हे गाव वसले आहे. गावचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर व लोकसंख्या बाराशेच्या आसपास. भोवती डोंगरउतार, जमीन हलकी आणि पाऊस सरासरीने जेमतेम पंधरा-सोळा इंच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या मुलखात माणसांची संख्या नेहमी पावसाच्या मागे चालत आली आहे. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा 'छपनिया' दुष्काळ आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अनेकांनी ऐकला असेल. त्याने मारवाड होरपळला, तसाच दख्खनही होरपळला. १९०१ च्या खानेसुमारीत अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या ८,३७,६९५ भरली. ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी होती. या आकड्यामागे किती चुली विझल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

स्वातंत्र्यानंतर असेच संकट १९७२ साली आले. एकेकाळी पहिलवानांचे गाव म्हणून ज्याची ख्याती होती, त्या हिवरे बाजारची त्या दुष्काळात रया गेली. डोंगरावरील झाडी सरपणासाठी तुटली, माती वाहून गेली, विहिरी आटल्या. पाण्यामागोमाग रोजगार गेला आणि रोजगारामागोमाग माणसे गेली. मागे राहिलेल्यांत दारू व भांडणे वाढली. गाव सोडून पुण्या-मुंबईस मजुरी पत्करणाऱ्यांना कोणी हाकलून दिले नव्हते. उतारावरून वाहून जाणारे पाणी त्यांनाही आपल्याबरोबर घेऊन गेले.

आम्हा कापड व्यापाऱ्यांना ही घसरण फार लवकर दिसते. अवर्षण पडले की शेतकरी प्रथम नवे कापड टाळतो, मग लग्नाचा बस्ता लहान होतो आणि शेवटी लग्नच पुढच्या वर्षावर जाते. खेड्याची नाडी पेठेतल्या खतावणीत लागते, असे जुने व्यापारी म्हणत, ते खोटे नाही.

१९८९ साली गावाने श्री. पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणास सरपंचपद दिले. प्रथम शाळेची व्यवस्था सुधारण्यात आली, त्यानंतर जंगल आणि पाणी यांचे काम हाती घेण्यात आले. आदर्श गाव योजनेच्या आधारे १९९० च्या दशकात डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, नाल्यांना बांध घातले गेले, झाडे लावली गेली. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व नसबंदी ही पंचसूत्री गावाने ग्रामसभेत स्वीकारली. तिच्यात कुटुंब मर्यादित ठेवण्याचा नियम आहे, ही बाब लोकसंख्येचा विचार करणाऱ्याने विशेष लक्षात घ्यावी.

चर खणणे हे निधी व श्रम असले म्हणजे होते. अवघड भाग पुढचा होता. जिरलेले पाणी कोणी आणि किती उपसावे, हे ठरवावयाचे होते. गावाने शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास मनाई केली. ऊस व केळी यांसारखी अतितृषार्त पिके वर्ज्य केली. बाहेरच्यांस जमीन न विकण्याचा निर्धार केला. पुढे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत सुरू झाली. पावसाळा संपल्यावर किती पाऊस पडला त्यावरून जमेची बाजू धरावयाची, त्यातून माणसे व गुरे यांचे पिण्याचे पाणी आधी राखून ठेवावयाचे, आणि उरेल त्या मानाने रब्बीची पिके ठरवावयाची. पाऊस उणा झाल्यास पेराही उणा. वाणिज्य शाखेत आम्ही जमाखर्च शिकलो. परंतु भूगर्भातील पाणी हे भांडवल असून व्याजावरच निर्वाह करावा, हा धडा आम्हांस या शेतकऱ्यांनी दिला.

परिणाम आकड्यांतच सांगणे उचित. १९९० च्या दशकाच्या आरंभी दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबे होती. १९९८ मध्ये ती ५३ झाली आणि २०१० पर्यंत केवळ ३ उरली. दुधाचे दैनिक उत्पादन दीडशे लिटरांच्या आसपास होते, ते हजारो लिटरांवर गेले. सर्वांत बोलका आकडा मात्र वेगळाच आहे. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत सुमारे ४० कुटुंबे शहर सोडून गावी परतली. खेड्यातून शहराकडे जाणारी वाट आपण सर्वांनीच पाहिली आहे. उलट दिशेने आलेली वाट विरळा. गावात मुस्लिम कुटुंब एकच होते, तरी त्याच्यासाठी गावाने मशीद बांधून दिली. राहिलेल्या प्रत्येक माणसास गावाने मोजले, याचा याहून चांगला पुरावा कोणता? २००७ मध्ये गावास राष्ट्रीय जलपुरस्कार मिळाला, २०२० मध्ये श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली आणि २०२१ च्या महामारीत याच शिस्तीने कोरोनामुक्त गाव म्हणून हिवरे बाजारचे नाव देशभर झाले.

हे चित्र सर्वत्र उमटले, असे मात्र म्हणता येणार नाही. आदर्श गाव योजना अनेक गावांनी स्वीकारली, पण इतका टिकाऊ परिणाम थोड्याच ठिकाणी दिसला. दीर्घकाळ टिकलेले नेतृत्व, शहराची जवळीक आणि ग्रामसभेचा शब्द पाळण्याची सवय या गोष्टी येथे एकत्र आल्या. चर सरकारी पैशाने खणता येतात. शब्द पाळण्याची सवय पैशाने येत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात जैनांची संख्या ४४,५१,७५३ आहे, त्यांपैकी १४,००,३४९ एकट्या महाराष्ट्रात आहेत. आणि देशातील सुमारे ऐंशी टक्के जैन शहरवासी आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांची वा आजोबांची पहिली दुकाने खेड्यांतच होती. त्या गावांनी उधारीवर विश्वास ठेवला, म्हणून आपली पेढी उभी राहिली. आज त्यांपैकी अनेक गावांत आपल्या घरांना कुलपे आहेत. आपण सर्वांनी परत जावे, असे सुचविणे व्यवहारास धरून होणार नाही. परंतु गावाच्या वेशीवर नावाची कमान उभारण्याऐवजी त्याच रकमेतून एखादा पाझर तलाव गाळमुक्त करणे, उन्हाळ्यात गुरांच्या छावणीस चारा देणे, शाळेची खोली बांधणे, हे निश्चित शक्य आहे.

मात्र देणगीबरोबर एक अट घालावी : पाण्याचा हिशेब ग्रामसभेत दरवर्षी वाचला जावा. संस्था पन्नास वर्षे टिकते ती ताळेबंद वेळेवर सादर झाल्याने, हे आपण सर्व जाणतो. गावही त्याच नियमाने टिकते, हे हिवरे बाजारच्या शिरगणतीने दाखवून दिले आहे.