मनाई, मज्जाव आणि निषेध

सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभे राहिले की वाचायला पाट्यांची कमतरता नसते. एका खांबावर ‘प्रवेश निषिद्ध’. एका कुंपणावर ‘वाहने उभी करण्यास सक्त मनाई आहे’. एका दारावर ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’. आणि कुठे काही घडले की रातोरात लागलेला फलक : ‘जाहीर निषेध!’ पहिल्या पाटीतला ‘निषिद्ध’ आणि शेवटच्या फलकातला ‘निषेध’ हे दोघे एकाच घरातले. पण एक हुकूम देतो आणि दुसरा हुकूम देणाऱ्याला जाब विचारतो. लोकांचे अर्ज टंकलिखित करून देण्यात माझी बावीस वर्षे गेली. मनाईचे सगळे शब्द रोज बोटांखालून जात होते, तरी हा फरक माझ्या फार उशिरा लक्षात आला. तो लक्षात आणून दिला एका भाजीवाल्या बाईंनी. त्यांची गोष्ट शेवटी सांगतो, कारण त्याआधी हे शब्द नीट वेगळे करून पाहायला हवेत.

‘मना’ हा शब्द मूळ अरबी. फारसीच्या वाटेने तो दरबारी कागदांत आला आणि मराठीत त्याची ‘मनाई’ झाली. तिच्यापुढे हमखास लागणारा ‘सक्त’ फारसीच. ‘प्रतिबंध’ आणि ‘निषेध’ संस्कृतातले. कोशात हे सारे एकमेकांचे अर्थ म्हणून शेजारी बसतात, पण वापरात प्रत्येकाने आपले काम वाटून घेतले आहे. मनाई कृतीला असते : थुंकण्यास मनाई, छायाचित्रे काढण्यास मनाई. बंदी वस्तूवर किंवा व्यवहारावर असते : पुस्तकावर बंदी, निर्यातीवर बंदी. प्रतिबंध गोष्ट घडण्याआधीच होतो, म्हणून लस ‘प्रतिबंधक’ असते. मज्जाव मात्र माणसाला होतो, आणि तोही बहुधा उंबरठ्यावर.

या मज्जावाचे आमच्या जिल्ह्यातले सर्वांत मोठे उदाहरण पंढरपूरचे. विठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले आणि ते १० मे रोजी संपले. मंदिराचे दार उघडले. तिथे मनाई दर्शन घेण्याच्या कृतीला नव्हती. दर्शन तर सगळेच घेत होते. अडवले जात होते ते माणूस पाहून. ‘मज्जाव’ या शब्दात ते माणूस पाहणे येते, ‘मनाई’त येत नाही.

घरात यांतला एकही शब्द चालत नाही. आई मुलाला ‘उन्हात जाऊ नको’ म्हणते. ‘उन्हात जाण्यास मनाई आहे’ असे ती चेष्टेतच म्हणेल. ‘नको’ म्हणणारी समोर असते, तिच्याशी हट्ट करता येतो, कारण विचारता येते. ‘सक्त मनाई आहे’ या वाक्यात मात्र कर्ताच नसतो. मनाई कोणी केली, कधी केली, कशासाठी केली, हे वाक्य सांगत नाही. पाऊस आहे, ऊन आहे, तशी मनाई आहे. सत्तेच्या भाषेला हे व्याकरण फार सोयीचे पडते.

सोलापूरने हे व्याकरण १९३० साली अंगावर झेलले. ६ एप्रिलला नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लागला होता. मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. ८ मे रोजी लोक रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला निघाले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे : त्या दिवशी मनाई करायला निघाले होते ते लोक. शिंदी नको, ताडी नको, दारूच्या महसुलावर चालणारे राज्य नको. पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. पुढे जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. अधिकारी मागे हटले आणि ९ ते ११ मे हे तीन दिवस शहरात इंग्रजांचा हुकूम चालेनासा झाला. तुरुंगाबाहेर राहिलेले शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू यांनी शांतता राखण्याचे काम अंगावर घेतले आणि स्वयंसेवकांनी रस्त्यावरची रहदारी सांभाळली.

१२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत चालला. आता मनाईचे तोंड उलटे फिरले. झेंडा बाळगणे गुन्हा ठरला, डोक्यावरची गांधी टोपी उतरवली जाऊ लागली. हातभर कापडाची टोपी ही काही शस्त्र नव्हे. पण मनाईला कृती दिसते आणि बंदीला वस्तू दिसते. त्यामागचा माणूस दोघींनाही दिसत नाही. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली गेली. शहरात आज त्यांचे चार पुतळे उभे आहेत. नावे वाचली तरी कळते की या गावात मनाई कोणा एका जातीधर्माने मोडली नव्हती.

लोकांची मागणी पुढे कायद्यात आली, तीही गमतीदार रीतीने. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. तो महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि त्याच कायद्याखाली दारूविक्रीचे परवाने दिले जातात. म्हणजे बंदी हा शब्द एकटा येत नाही, मागून परवान्याला घेऊन येतो. शिंदीची झाडे तोडणाऱ्यांचे ‘नको’ एवढे सोयीचे नव्हते.

आता ‘निषेध’. मीमांसाशास्त्रात वेदवाक्यांचे पाच प्रकार सांगतात : विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. निषेध म्हणजे ‘हे करू नये’ असे सांगणारे वाक्य. तो करण्याचा अधिकार वेदाचा, खाली उतरून शास्त्राचा आणि राजाचा. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या कोशातही निषेध म्हणजे मनाईच. सात रस्त्यावरून विजापूर रस्त्याला लागून भीमा ओलांडली की कानडी पाट्यांवर ‘निषेध’ आजही याच अर्थाने भेटतो. आमच्या शहरातल्या तेलुगू विणकरांच्या भाषेत ‘निषेधम्’ म्हणजे बंदीच. हिंदीतही ‘धूम्रपान निषेध’ म्हणजे बिडी पिऊ नका. मराठीत ‘धूम्रपानाचा निषेध’ म्हटले, तर कोणी तरी मोर्चा काढला आहे असे वाटेल.

मराठीत हा शब्द हुकूम देणाऱ्याच्या हातातून निसटला आणि ज्याला हुकूम ऐकावा लागतो त्याच्या तोंडी गेला. माझा तर्क असा की, हे सार्वजनिक सभांच्या ठरावांतून घडले असावे. सभेला सरकारची कृती थांबवता येत नाही. पण ‘हे करू नये’ असे तिला म्हणता येते, आणि ते म्हणण्यासाठी तिने राजाचाच शब्द उचलला. निषेध ‘नोंदवावा’ लागतो, ‘व्यक्त’ करावा लागतो. त्यात थांबवण्याचे बळ नाही, पण कर्ता आहे. ‘आम्ही निषेध करतो.’ मनाईच्या वाक्यात जो सापडत नाही, तो इथे पहिल्याच शब्दात उभा असतो.

भाजीवाल्या बाईंचे आता सांगतो. एका गृहसंस्थेने मला एक पाटी टंकलिखित करायला दिली होती : ‘फेरीवाल्यांस आवारात येण्यास सक्त मनाई आहे.’ मी ती पाच मिनिटांत करून दिली. पंधरवड्याने त्याच संस्थेत वर्षानुवर्षे पाटी घेऊन जाणाऱ्या बाई माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. मी विचारले, अर्ज कोणाला लिहायचा? त्या म्हणाल्या, “मनाई कुणी केली मामा, त्येचं नाव लिवा की.” मी निरुत्तर झालो. पाटीवर नाव नव्हते. तसे ते मीच टंकले होते. आणि नीट पाहिले तर ती मनाईही नव्हती, मज्जाव होता. भाजी विकत घ्यायला तिथे कोणाची ना नव्हती, विकणारी बाई तेवढी नको होती.

अर्ज मी अध्यक्षांच्या नावे लिहिला. त्यात ‘विनंती’ हा शब्द घालणार होतो, तो खोडला आणि ‘निषेध’ घातला. बाईंनी तो वाचून घेतला आणि अंगठा न लावता सही केली, सावकाश, पूर्ण नावाने.

पाटी तिथे अजून आहे. बाई फाटकाशी बसतात, आणि संस्थेतली माणसे खाली उतरून त्यांच्याकडूनच भाजी नेतात.