चव लपवणारा कोष

कडू चूर्ण द्यायचं तर आपल्याकडे ते गुळाच्या खड्यात वळत, नाहीतर केळ्याच्या फोडीत दडवत. जिभेला चुकवून औषध पोटात घालण्याची ही धडपड सगळ्याच देशांत होती. जिलेटिनची कॅप्सूल त्यातूनच जन्मली.

१८३०च्या दशकात पॅरिसमध्ये परम्यावर कोपायबा नावाचं औषध देत. दक्षिण अमेरिकेतल्या झाडाच्या खोडातून निघणारं हे राळेसारखं तेल इतकं किळसवाणं होतं की रोग्यांना ते गिळवत नसे. औषधशास्त्राचा विद्यार्थी फ्रांस्वा मोत आणि औषधविक्रेता जोसेफ द्युब्लांक यांनी १८३४ मध्ये त्यावर तोड काढली आणि तिचं पेटंट घेतलं. मऊ चामड्याच्या इवल्याशा पिशवीत पारा भरायचा आणि ती जिलेटिनच्या कोमट द्रावणात बुडवायची. थर वाळला की पारा ओतून टाकायचा. पिशवी आक्रसे आणि ऑलिव्हच्या आकाराचं पोकळ कवच हाती येई. त्यात तेल भरून वरून जिलेटिनच्या थेंबानं तोंड बंद! या युक्तीतली हुशारी मला आजही थक्क करते.

मोतचं पेटंट आडवं येत असल्यानं इतरांनी वेगळ्या वाटा शोधल्या. १८४६ मध्ये ज्यूल लेह्युबीनं एकात एक बसणाऱ्या दोन नळ्यांची कॅप्सूल काढली. तिचा आकार त्यानं रेशीमकिड्याच्या कोषावरून सांगितला होता. आजची भुकटीची कॅप्सूल याच घराण्यातली.

पूरक आहाराची कॅप्सूल मात्र दुसऱ्या शाखेची, तेलाच्या वाटेनं आलेली. कॉड माशाच्या यकृताचं तेल मुडदुसावर चालतं हे जुनंच होतं. १९२२ मध्ये संशोधक मॅकॉलम यांनी त्यामागचं द्रव्य वेगळं ओळखलं आणि ते ‘ड’ जीवनसत्त्व म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पण चमचा पुढे आला की मुलं तोंड फिरवत. १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या रॉबर्ट शेररनं यंत्र बसवलं: जिलेटिनच्या दोन ओल्या फिती दोन फिरत्या साच्यांमध्ये शिरतात, मधे मोजून तेल पडतं, आणि त्याच क्षणी कवच शिवलंही जातं, कापलंही जातं. तेल सांडत नाही, माप चुकत नाही, आत हवा उरत नाही. आपल्या घरांतली ‘ई’ जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल याच रीतीची.

जिलेटिन म्हणजे सुताराच्या सरसाचं शुद्ध रूप. गाई-म्हशींची किंवा डुकरांची हाडं आणि कातडी उकळून ते काढतात. ते पोटाच्या उबेत काही मिनिटांत विरघळतं, पण हवेतला ओलावाही ओढून घेतं. कोकणात पावसाळ्यात बाटलीचं झाकण सैल राहिलं की कॅप्सूल एकमेकींना चिकटतात त्या यामुळेच. शाकाहारी माणसाला वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेल्या कॅप्सूल मिळतात. आपल्याकडे पूरक आहाराच्या डबीवर शाकाहारी-मांसाहारी खूण छापावीच लागते; औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर ती सक्तीची नाही. माझ्या मते ती तिथेही हवी. काय गिळतो आहोत हे कळण्याचा हक्क आजारी माणसाचाही आहे.

कवचानं जीभ वाचवली, पण जिभेची राखणही गेली. चमच्यातलं तेल खवट झालं तर लगेच कळायचं. कॅप्सूलमधलं कळत नाही, आणि माशाचं तेल हवा, ऊन, उष्णता यांनी फार लवकर बिघडतं. म्हणून नवी बाटली फोडलीत की एक कॅप्सूल टाचणीनं टोचा, तेल बोटावर घ्या आणि वास घ्या. जुन्या रंगासारखा उग्र, खवट वास आला तर ती बाटली दुकानात परत करा.